आगबोटीवर माणसं किती होती?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

फुलचूरच्या माणसानं समुद्रावर बोलावं, याची तुम्हांला जरा गंमत वाटेल. गोंदिया शहराला लागून, गोरेगावच्या रस्त्यावर आमचं गाव. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर येतात ते मालगुजारी तलाव, धानाच्या बांधीला पाणी पुरवणाऱ्या बोड्या आणि फार तर वैनगंगा. नाव म्हटली की ढिवरांचा डोंगा. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं हजारेक किलोमीटर. तरीही ‘टायटॅनिक’ हे नाव आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. १९९७ सालच्या त्या इंग्रजी सिनेमाची ही कृपा. पहिल्याच सफरीत, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे, हिमनगावर आपटून ते बुडालं आणि दीड हजारांच्या आसपास माणसं गेली, एवढं सगळेच सांगतात. पण त्या जहाजावरची एक बाई आमच्याच रेल्वेलाइनीवरच्या एका गावातून निघाली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तिचं नाव अ‍ॅनी फंक. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची. मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनतर्फे १९०६ साली ती हिंदुस्थानात आली आणि जांजगीरला राहिली. जांजगीर आज छत्तीसगडमध्ये आहे. त्या काळी ते मध्यप्रांतात होतं आणि आपला भंडारा जिल्हाही मध्यप्रांतातच, म्हणजे ती आणि आपली माणसं एकाच प्रांतातली. तिनं तिथं हिंदी शिकून घेतली आणि १९०८ मध्ये एका खोलीत मुलींची शाळा काढली. त्या काळी, त्या भागात, मुलींची शाळा! तिचं धर्मकार्य बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठी तिची आठवण ठेवायला हरकत नाही.

१९१२ च्या सुरुवातीला तिला घरून तार आली. आई फार आजारी आहे, ताबडतोब निघून ये, ‘हॅवरफोर्ड’ नावाच्या बोटीत तुझी जागा घेतली आहे. ती निघाली. जांजगीरहून मुंबईला जायची सरळ वाट म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे: बिलासपूर, रायपूर, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, नागपूर. गोंदिया तेव्हा नुकतंच मोठं जंक्शन झालेलं होतं. बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडं जाणारी छोटी लाइन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाली होती. मुंबईला पोचल्यावर ती ‘पर्शिया’ या आगबोटीत बसली. १९०६ च्या जूनमध्ये तरुण सावरकर बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले ते याच ‘पर्शिया’नं. आणि १९१५ च्या डिसेंबरात, पहिलं महायुद्ध चालू असताना, जर्मन पाणबुडीनं क्रीट बेटाजवळ हीच बोट बुडवली. तीनशेच्या वर माणसं गेली.

अ‍ॅनी फंक इंग्लंडला पोचली तर तिथं कोळसा खाणकामगारांच्या संपामुळं कोळशाचा दुष्काळ. ‘हॅवरफोर्ड’ जागची हलणार नव्हती. म्हणून तिला दुसऱ्या जहाजावर जागा देण्यात आली, दुसऱ्या वर्गाची. ते जहाज म्हणजे ‘टायटॅनिक’. १२ एप्रिलला भर समुद्रात तिला अडतिसावं वर्ष पूर्ण झालं, आणि तीन दिवसांनी ती गेली. होडीत मिळालेली जागा तिनं एका लेकुरवाळ्या बाईला दिली, अशी कथा तिच्या पंथात सांगितली जाते. जांजगीरच्या शाळेला पुढं तिचं नाव देण्यात आलं.

आता यात माझ्या मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही एक साधी शिक्षिका. राणी नाही, लक्षाधीश नाही. तरी तिचं नाव, वय, तिकिटाचा वर्ग, ती कुठून निघाली, कुठल्या बोटीऐवजी कुठल्या बोटीत बसली, हे सगळं आपल्याला सांगता येतं. ‘टायटॅनिक’वरच्या जवळजवळ प्रत्येकाबद्दल असं काही ना काही सांगता येतं, अगदी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या कामगाराबद्दलसुद्धा. आणि आपल्या किनाऱ्यावर जी मोठी बुडीतं झाली, त्यांच्यात माणसं किती होती, एवढा साधा आकडासुद्धा एकमुखानं सांगता येत नाही. नावं तर लांबच राहिली.

हे असं का झालं? पश्चिमेकडं माणसाच्या जिवाला फार मोल होतं, असं झटकन म्हणावंसं वाटेल, पण ते पुरतं खरं नाही. ‘टायटॅनिक’वर होड्या किती असाव्यात हा नियम ब्रिटिश सरकारनं केला होता आणि तो जहाजाच्या टनांवर ठरत होता. त्या कोष्टकाची शेवटची पायरी दहा हजार टनांची होती, आणि जहाज होतं शेहेचाळीस हजार टनांचं. वीस होड्या होत्या, त्यांत ११७८ माणसं मावली असती. जहाजावर होती बावीसशेच्या वर. कायद्याप्रमाणं सगळं ठीकठाक होतं! माणसं मोजून होड्या ठेवायच्या, ही गोष्ट ते जहाज बुडाल्यावर, १९१४ च्या जानेवारीत लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली.

मग याद्या कशाला ठेवत होते? तर अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या परक्या माणसाची कायद्यानं खडान्‌खडा नोंद लागे. वय, धंदा, खिशात पैसे किती, कुणाकडं उतरणार. शिवाय तिकीट म्हणजे कंपनीशी केलेला करार, विमा, दाव्याची भीती. थोडक्यात, ज्याच्यामागं कागद आणि पैसा, त्याची मोजदाद होत असे.

याचा पडताळा आपल्याच माणसांच्या बाबतीत मिळतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, मुंबई बंदरातून जहाजानं. गरीब, निरक्षर माणसं. पण त्यांतल्या प्रत्येकाला नंबर होता. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण, सगळं रजिस्टरात. ती रजिस्टरं आजही मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत आणि तिथले मराठी लोक त्यांवरून आपल्या खापरपणजोबाचं गाव शोधतात. ही नोंद काही मायेपोटी ठेवलेली नव्हती. मळेवाल्यानं माणसामागं पैसे मोजले होते, आणि माणूस पळाला तर तो शोधायला खूण हवी होती. पण नोंद राहिली ती राहिली.

दुसरं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१७ साली ते लंडनहून परत निघाले. महायुद्धाचे दिवस, समुद्रात पाणबुड्यांची दहशत. त्यांनी आपलं सामान आणि मोलाची पुस्तकं थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. ती बोट जर्मनांनी बुडवली. बोट बुडाल्याची बातमी इकडं आली तेव्हा घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाबासाहेब त्या बोटीत नव्हतेच. ते सुखरूप पोचले, पण पुस्तकं समुद्रात गेली. कुक कंपनीनं सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. पुस्तकांच्या पेटीची पावती होती म्हणून तिची भरपाई झाली, हे लक्षात ठेवा, कारण आता आपण जिथं माणसांचीही पावती नव्हती अशा बोटींकडं जाणार आहोत.

पहिली बोट ‘वैतरणा’. नाव आपल्या ठाण्याकडच्या नदीचं. स्कॉटलंडमध्ये १८८५ साली बांधलेली, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची. तिच्यावर विजेचे दिवे होते. तेव्हा ती केवढी नवलाई! म्हणून काठेवाड-कच्छच्या लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘वीजळी’. कच्छमधल्या मांडवीहून ती मुंबईला ये-जा करी. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली. द्वारकेला आणखी माणसं घेतली. पोरबंदरला समुद्र इतका खवळलेला होता की ती थांबलीच नाही, आणि नंतर मुंबईला पोचलीही नाही. तिची फळी मिळाली नाही, की कुणाचं प्रेत मिळालं नाही. मुंबई सरकारनं चौकशी नेमली. बोटीवर पुरेशा होड्या आणि अंगाला बांधायचे तरंगते पट्टे नव्हते, असं चौकशीत निघालं. १९१२ सालचं ते सगळं दुखणं चोवीस वर्षं आधी आपल्याकडं उघडं पडलं होतं, पण जगाची परिषद काही त्यासाठी भरली नाही.

माणसं किती गेली? कुणी ७४१ सांगतो, कुणी ७४६, कुणी ७९८. गुजराती लोकगीतांत हा आकडा तेराशेवर जातो. बोटीवर लग्नाची वऱ्हाडं होती आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती, असं ती गाणी सांगतात. ‘हाजी कासम’ हे नाव सौराष्ट्रात आजही घरोघरी ठाऊक आहे ते या गाण्यांमुळंच. जिथं कागद नव्हता तिथं गाण्यानं आठवण धरून ठेवली. मात्र मेलेल्याचं नाव काही गाणं सांगत नाही, ते बोटीचं आणि कप्तानाचं सांगतं.

दुसरी बोट अस्सल आपली, ‘रामदास’. तिची मालक कंपनी स्वदेशीच्या लाटेत निघाली होती. कोकणातली माणसं प्रेमानं तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. आपली बोट, आपलं भांडवल, गोऱ्या कंपन्यांशी टक्कर! तिच्या बोटींना संतांची नावं देण्याची पद्धत होती. ‘तुकाराम’, ‘सेंट अँथनी’, ‘रामदास’. यांतली ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाली. त्याच दिवशी ‘जयंती’ नावाची बोटही बुडाली, आणि ‘जयंती’वरचं कुणी वाचलं नाही. तेव्हाही हळहळ झाली, आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या. कोकणच्या माणसाला दुसरा रस्ताच कुठं होता? आम्हां पूर्व विदर्भातल्या लोकांना रेल्वे एकोणिसाव्या शतकातच मिळाली, कोकणची रेल्वे संपूर्ण मार्गावर धावायला १९९८ साल उजाडलं. तोवर भाऊचा धक्का हेच कोकणचं जंक्शन.

‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वान हंटर यांच्या गोदीत बांधली गेली. १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, चारशे टनांच्या आसपास. १७ जुलै १९४७ चा दिवस. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेलं. आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस, म्हणून मुंबईतली चाकरमानी मंडळी घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमाराला बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघाली. अलिबागकडं जाणाऱ्यांची ही नेहमीची फेरी, दीडेक तासाची. निघताना पाऊस होताच. पुढं वारा आणि लाटा वाढल्या. काशाच्या खडकाजवळ बोट एका अंगावर कलली, माणसं घाबरून एका बाजूला लोटली, मोठी लाट आली आणि बोट उलटली. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधल्या होत्या, त्यांत कित्येक अडकले, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

बोट उलटते कशी, हे आमच्याकडच्या माणसाला समजायला सोपं आहे. तणसानं उंच भरलेली बैलगाडी धुऱ्यावरून उतरताना कलंडते ना, तसंच. ओझं वर असेल तर ती एका मर्यादेपर्यंत सावरते, मर्यादा ओलांडली की सावरत नाही. बोटीच्या पोटात माल भरला तर वजन खाली राहतं. उघड्या डेकवर शेकडो माणसं उभी असली तर वजन वर जातं. वर तणीस निदान बांधलेलं असतं, माणसं बांधलेली नसतात, ती धावतात. ज्या बाजूला बोट कलली तिकडंच लोंढा गेला तर पुढचं काम समुद्राला फारसं उरत नाही.

आणि आता मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट. ‘टायटॅनिक’ बुडालं ते भर अटलांटिकमध्ये, मध्यरात्रीनंतर. पण त्यावर बिनतारी यंत्र होतं. ‘कार्पेथिया’ नावाच्या जहाजानं तो संदेश ऐकला आणि पहाटे चारच्या सुमाराला ते येऊन पोचलं. सातशेंवर माणसं त्यामुळं जगली. ‘रामदास’ बुडाली त्यानंतर पस्तीस वर्षांनी, दिवसाढवळ्या, मुंबईच्या तोंडाशी. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी नवाच्या सुमाराला बोट गेली आणि संध्याकाळ व्हायला आली तरी मुंबईला पत्ता नव्हता. तोवर जे वाचवले ते कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईकडं निघालेल्या मचव्यांनी मासळी समुद्रात टाकून माणसं वर घेतली, असं सांगतात. कोळ्याच्या घरी मासळी फेकणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यानं खळ्यावरचं धान फेकण्यासारखंच म्हणा.

किती बुडाले? सव्वासहाशेपासून सातशेच्या आसपासपर्यंत, जितकी पुस्तकं तितके आकडे. कारण साधं आहे. डेकचं तिकीट नावाचं नसतं. तिकिटाचे तुकडे मोजता येतात, तिकीट काढणारा कोण हे त्यावरून कळत नाही. कडेवरचं मूल तिकिटात नसतं. धक्का सुटताना उडी मारून चढलेला नसतो. मग जो घरी पोचला नाही, तो घरच्यांपुरता बुडाला. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, फाळणीची होळी पेटली, आणि आकड्यांच्या त्या महापुरात ‘रामदास’चे सहा-सातशे कुठल्या कुठं गेले.

ही जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान होडी आदळली. पंधरा माणसं गेली. परवाना ८४ प्रवाशांचा होता आणि बोटीवर त्याहून जास्त माणसं होती. मृतांचा आणि बेपत्तांचा आकडा पुढं तीन-चार दिवस हलत राहिला. त्याच वर्षी, २३ जानेवारीला, आपल्या वैनगंगेत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ डोंगा उलटला. मिरची तोडायला पलीकडं निघालेल्या सहा बायका गेल्या. तिथं मात्र आकड्याचा घोळ झाला नाही. डोंग्यात कोण बसलं हे काठावरच्या सगळ्या गावाला ठाऊक होतं. सहा बायकांची नावं त्याच दिवशी कळली. बोट जितकी मोठी, तितकी तिच्यावरच्या माणसाची ओळख कमी, असा हा उलटा हिशेब आहे. डोंग्याला यादी लागत नाही, आगबोटीला लागते, आणि ज्या आगबोटी आपल्या गरीब माणसांना वाहत होत्या त्यांना ती कधी लागली नाही.

‘रामदास’ची यादी आजही करता येईल, असं मला वाटतं. गावोगावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू नोंदले जात. आपल्याकडं जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत त्याच्या नकला मागायला रांगा लागतात, म्हणून त्याची किंमत आपल्याला चांगली माहीत आहे. रायगड जिल्ह्यातल्या, त्यातही अलिबाग भागातल्या कॉलेजांनी इतिहासाच्या पोरांना एक-एक गाव वाटून द्यावं. १९४७ च्या जुलै-ऑगस्टची पानं चाळावीत. जोडीला घराघरांतून विचारावं, आषाढी अवसेला तुमच्याकडं कुणाचं पान वाढतात? कोकणात अजून अशी घरं निघतील. ती बोट पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढंमागं असणार, त्यामुळं हे काम पावसाळा संपायची वाट न पाहता लवकर हाती घेतलं पाहिजे.